शालेय आरोग्य तपासणीच्या पत्रकांचे पुढे काय करावे? प्राथमिक शाळेसाठी सल्ला हवा आहे

प्रश्न: पाटीपेन्सिल (कोपरखैरणे)

मी कोपरखैरण्यातील एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळते. पहिली ते चौथीचे मिळून आमच्याकडे तीनशेच्या आसपास विद्यार्थी आहेत. त्यांचे पालक बहुतांशी माथाडी कामगार, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, किंवा महापे-रबाळ्याच्या कंपन्यांत कंत्राटी कामावर जाणारे असे आहेत. यंदा जूनमध्ये मुख्याध्यापकांनी आरोग्य विभागाची जबाबदारी माझ्याकडे सोपवली आणि वर्षभराचा आराखडा करून द्यायला सांगितले.

आराखडा करण्यापूर्वी जुने काय आहे ते पाहावे म्हणून मी कपाट उघडले. गेल्या चार वर्षांची आरोग्यपत्रके वर्गवार गठ्ठे बांधून, वर खडूच्या धुळीचा थर घेऊन, व्यवस्थित ठेवलेली होती. उंची, वजन, दात, डोळे, कान, सर्व रकाने भरलेले होते. त्यात मला माझ्याच वर्गातील एका मुलाचे पत्रक सापडले. पहिलीत असताना त्यावर ‘उजव्या डोळ्याची दृष्टी कमी, संदर्भित’ (म्हणजे पुढील तपासणीसाठी रुग्णालयात पाठवलेला) असा शेरा होता आणि दुसरीच्या पत्रकावरही अक्षरशः तोच शेरा होता. हा मुलगा शेजारच्याच्या वहीत पाहून लिहितो म्हणून मी त्याला गेल्याच आठवड्यात रागावले होते. त्याच्या वडिलांना बोलावून विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘चिठ्ठी आली होती की, मॅडम. दोन्ही वेळा सही करून परत पाठवली.’’ शाळेतून आलेल्या कागदावर सही करायची असते, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

मुख्याध्यापकांच्या मनात आरोग्य सप्ताह, घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी आणि एक तज्ज्ञांचे व्याख्यान असा कार्यक्रम आहे. त्याला माझा विरोध नाही. परंतु ते पत्रक पाहिल्यापासून एवढ्यावर समाधान मानणे मला जड जात आहे. माझ्या हाताशी आठवड्यातून दोन तासिका, एक सहकारी शिक्षक आणि जवळजवळ शून्य पैसा आहे. एवढ्यात आधी काय हाती घ्यावे आणि काय सोडून द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: फिरते_पथक (ठाणे)

मी काही वर्षे शाळा तपासणीच्या पथकात डॉक्टर म्हणून काम केले आहे. त्यामुळे आपण वर्णन केलेले गठ्ठे तयार करण्यात माझाही हात आहे, असे समजावे.

सर्वप्रथम त्या मुलाविषयी लिहितो, कारण तो विषय आराखडा तयार होईपर्यंत थांबण्यासारखा नाही. लहान वयात एकाच डोळ्याची दृष्टी कमी असेल, तर मेंदू हळूहळू त्या डोळ्याकडून येणारे चित्र बाजूला सारू लागतो. यालाच बोलीभाषेत आळशी डोळा म्हणतात. चष्मा, आणि गरज पडल्यास चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, या साध्या उपचाराला सात-आठ वर्षांपर्यंत उत्तम प्रतिसाद मिळतो, पुढे तो कमी कमी होत जातो. तिसरीतला मुलगा म्हणजे आठ वर्षांचा. त्याला याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथे नवी मुंबई महापालिकेची रुग्णालये आहेत. पालकांना नुसते ‘दाखवून घ्या’ असे न सांगता कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा, हे आपण आधी विचारून कागदावर लिहून द्यावे. ज्याचा रोज बुडतो त्याला नेमकी वेळ सांगितली तर तो जातो, हा माझा अनुभव आहे.

आता व्यवस्थेविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथून झाली. पालघर त्या वेळी आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते, हे इकडच्या फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. जन्मजात व्यंगे, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी शोधणे, आणि आढळलेल्या मुलावर शस्त्रक्रियेसह पुढील उपचार मोफत करून देणे, असे त्याचे स्वरूप आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुले त्यात वर्षातून एकदा तपासली जातात, म्हणजे आपली शाळा त्यात बसते. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. पथक येते, दिवसभर रांगा तपासते आणि संध्याकाळी पुढच्या शाळेच्या वाटेला लागते. चिठ्ठी लिहिली जाते ती वर्गशिक्षकाच्या हाती, आणि नेमकी तिथून पुढची वाट कोणाच्याच नावावर नसते.

म्हणून माझे मत असे, की आपण यंदा नवीन तपासणी मुळीच करू नये. जुन्या पत्रकांतून ‘संदर्भित’ शेऱ्याची मुले काढून एका दोनशे पानी वहीत प्रत्येकाला एक पान द्यावे. काय आढळले, पालक प्रत्यक्ष कधी भेटले, रुग्णालयात गेले का, तेथे काय सांगितले आणि पुन्हा कधी बोलावले, एवढेच त्यावर लिहावे. महिन्यातून एका ठरलेल्या शनिवारी आपण आणि आपले सहकारी मिळून ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. तीनशे मुलांत अशी पाने तीस-चाळीसच्या पुढे जाणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. व्याख्यान, फेरी वगैरे त्यानंतर.

दृष्टी तपासणी मात्र शिक्षकांनी स्वतः करायला शिकावी, कारण ती सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत अधिक वेळा चुकीची होते. तक्ता 6 मीटर अंतरावर हवा. अनेक शाळांचा व्हरांडा तेवढा लांब नसतो, मग तक्ता चार मीटरवर लावला जातो आणि सगळ्यांचीच नजर उत्तम ठरते. मुलाने डोळा स्वतःच्या तळहाताने, न दाबता, झाकावा. बोटांनी झाकला तर फटीतून दिसते. सर्वांत मोठी गंमत म्हणजे रांगेत मागे उभी असलेली मुले पुढच्याची उत्तरे ऐकून अक्षरे पाठ करतात. मी एकदा एका मुलीला तक्ता लावण्यापूर्वीच पहिल्या चार ओळी घडाघडा म्हणताना ऐकले आहे. म्हणून इंग्रजी ‘ई’ च्या आकाराची पाती चारही दिशांना वळलेली असतात तो तक्ता वापरावा, मुलाला हाताने दिशा दाखवायला सांगावी आणि रांग दाराबाहेर उभी करावी.

रक्तक्षयाविषयीही लिहितो, कारण तेथे औषध शाळेत येऊनही पोटात जात नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते. तिच्यात 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ती उपाशीपोटी दिली की मळमळते, दोन मुले उलटी करतात, दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी आईला शौच काळी दिसते आणि तिसऱ्या दिवसापर्यंत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गोळ्यांवर बहिष्कार पडलेला असतो. गोळी खिचडी खाऊन झाल्यावरच द्यावी आणि काळी शौच ही लोहामुळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. जंतनाशक दिनाच्या गोळीबाबतही तसेच. त्या दिवशी ज्याला ताप आहे त्याला ती देऊ नये, बरा झाल्यावर नंतरच्या फेरीत द्यावी. पहिलीत प्रवेश घेताना पाचव्या वर्षाचा त्रिगुणी लसीचा बूस्टर झाला आहे का, हे विचारायलाही विसरू नये.

उत्तर: निवृत्त_बाई (नौपाडा, ठाणे)

डॉक्टरांनी लिहिलेले सर्व मान्य करून मी त्याच्या आधीची एक पायरी सांगते. आपल्या शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह मधल्या सुट्टीत, त्याच गर्दीत, स्वतः वापरून पाहा.

मी मुख्याध्यापिका असताना दुपारनंतर पोट दुखते म्हणून घरी जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली होती. आम्ही डबा, पाणी, अभ्यासाचा ताण, सगळ्यावर चर्चा केली. शेवटी दुसरीतल्या एका मुलीने सांगितले, की दाराला कडी नाही, मैत्रीण दार धरून उभी राहते, पण मैत्रिणीला मधल्या सुट्टीत खेळायचे असते. म्हणून ही मुलगी सकाळपासून पाणीच पीत नव्हती. तिची भरलेली बाटली जशीच्या तशी घरी जात होती. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठता, लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग, हे सगळे त्या एका कडीपाशी येऊन थांबत होते. हार्डवेअरच्या दुकानातून कड्या आणल्या आणि शिपाईमामांनी त्या लहान मुलींचा हात पोचेल अशा उंचीवर बसवल्या. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातील बाबी आहेत आणि कागदोपत्री त्या आमच्याकडेही होत्या. कडीचा रकाना कोणत्याही तपासणी पत्रकात नव्हता.

हात धुण्याचेही तसेच. साबणाची वडी नळावर ठेवली की ती दोन दिवसांत नाहीशी होते. आम्ही ती नायलॉनच्या जाळीत घालून नळाला बांधली आणि जेवणापूर्वी वर्गावर्गाने सोडायला सुरुवात केली. एकाच घंटेला तीनशे मुले पाच नळांवर गेली तर कोणीच हात धुणार नाही, फक्त कपडे भिजतील.

शेवटचा मुद्दा खेळाचा. आमच्या शाळेला मैदान म्हणावे असे काही नव्हते, जे होते त्यावर शिक्षकांच्या दुचाक्या उभ्या असत. मुलांच्या डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, की चीनमधील ग्वांगझू येथील प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा जादा मैदानी तास देऊन तीन वर्षे पाहिले गेले. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले: जादा तास मिळालेल्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी 39.5 टक्क्यांना या काळात लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडला. व्यायामापेक्षा उघड्यावरचा उजेड यात अधिक कामी येतो असे मानले जाते, म्हणजे कवायतच हवी असे नाही. आम्ही दुचाक्या बाहेर काढल्या (त्यावरून शिक्षक कक्षात जो अबोला झाला तो दिवाळीपर्यंत टिकला) आणि पाढे, कविता, गोष्ट हे सगळे त्या मोकळ्या जागेत घेऊ लागलो. पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने हे जमत नाही. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

मुख्याध्यापकांच्या घोषवाक्यांना मात्र मी नावे ठेवणार नाही. पहिलीतले मूल घोषवाक्य घरी जाऊन दहा वेळा म्हणते. आपण फक्त ते उपयोगाचे निवडावे. ‘आरोग्य हीच संपत्ती’ यापेक्षा ‘गोळी खिचडीनंतर’ हे बरे. याच जोडीला दर शुक्रवारी डबा तपासणी ठेवावी, असे मी सुचवते. आमच्याकडे ज्याच्या डब्यात भाजी-पोळी असेल त्याच्या हातावर आम्ही तारा काढत असू.

उत्तर: पहाटेचा_डबा (ऐरोली)

मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. बाईंच्या कड्यांविषयीच्या मजकुराला माझा मनापासून नमस्कार. परंतु डबा तपासणीला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो का, ते सांगते.

माझी कामाची पाळी सकाळी सहाला सुरू होते. पहाटे साडेचारला उठून मी पोळ्या करते, पण ज्या दिवशी गॅस संपतो किंवा धाकट्याला ताप असतो, त्या दिवशी डब्यात बिस्किटांचा पुडा जातो. माझ्या मुलीच्या वर्गात एकदा अशी तपासणी झाली, तेव्हा तिने डबा उघडलाच नाही आणि भूक नाही असे सांगून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिली. हातावरचा तारा मुलाला मिळतो, पण तो खरे तर आईला दिलेला असतो, आणि न मिळालेला ताराही आईलाच. वजनाचेही असेच. वजनकाट्यापाशी आकडा मोठ्याने पुकारला जातो, मागे हशा पिकतो, आणि त्या मुलाला वर्षभरासाठी टोपणनाव मिळते. वजन पडद्याआड घ्यावे आणि पत्रकात गुपचूप लिहावे.

डब्याऐवजी शाळेतल्या खिचडीकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. प्राथमिक वर्गांसाठी एका मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी, त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. वाटप करण्यापूर्वी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते. ती सही अनेकदा महिनाअखेरीस एकदम होते. आमच्या समितीने दर आठवड्याला दोन माता त्या वेळी हजर राहतील असे ठरवले, आणि भाजीचे प्रमाण आपोआप सुधारले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, मग त्यांना केवळ ठरावावर सह्या करायला कशाला बोलवायचे? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मेद, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियमही आहे. आमच्या फाटकाबाहेर रंगीत पेप्सीकांड्या विकणाऱ्या काकांना आम्ही हुसकावले नाही, तर उकडलेले शेंगदाणे, काकडी आणि पेरू ठेवायची गळ घातली. त्यांनी सगळे ठेवले, कांड्याही ठेवल्या. निम्मे यश म्हणू या.

उत्तर: पाटीपेन्सिल (कोपरखैरणे)

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगण्यासारखे काही घडल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे वही केली. पाने तेवीस भरली. त्यातली अकरा दातांची, सात डोळ्यांची, दोन कान वाहण्याची आणि बाकीची अशक्तपणाची आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहात मी मधल्या सुट्टीत जाऊन आले. कडी होती, पण माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. ती खाली घेतली आहे. डबा तपासणीचा विचार सोडून दिला. बाईंना वाईट वाटणार नाही, अशी आशा आहे. आरोग्य सप्ताह मुख्याध्यापकांच्या इच्छेप्रमाणे होईल, मात्र व्याख्यानाच्या वेळेत आम्ही त्या तेवीस पालकांना एकेक करून भेटणार आहोत.

त्या मुलाला त्याचे वडील रुग्णालयात घेऊन गेले. उजव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला, डावा जवळजवळ निर्दोष आहे. चष्मा मिळाला असून तो दिवसभर वापरायचा आहे. पट्टी लागेल की नाही, हे काही आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवणार आहेत. चौथ्या दिवशी चष्मा कंपासपेटीत सापडला. विचारल्यावर म्हणाला, की तो लावला काय आणि न लावला काय, सारखेच दिसते. हे खरे असेल का, की वर्गातील चिडवण्यामुळे तो तसे म्हणत आहे?

उत्तर: फिरते_पथक (ठाणे)

दोन्ही खरे असू शकते. दोन्ही डोळे उघडे असताना त्याचा चांगला डोळा सगळे काम करतो, त्यामुळे चष्म्याने त्याला फरक जाणवत नाही. आणि आळशी डोळा असेल तर चष्मा लावल्या दिवशी त्या डोळ्यालाही पूर्ण स्पष्ट दिसत नाही, ते हळूहळू सुधारते. वडिलांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर ‘चष्म्याचा उपयोग नाही’ असे म्हणून तेच तो काढून ठेवतील. दर सोमवारी चष्मा लावून, डावा डोळा झाकून, फळ्यावरची एक ओळ त्याच्याकडून वाचून घ्या आणि कोणत्या बाकावरून वाचता आली, ते त्याच्या पानावर लिहा. हे एकट्यात करा.

उत्तर: पाटीपेन्सिल (कोपरखैरणे)

पहिला सोमवार झाला. पहिल्या बाकावरून वाचता आली, दुसऱ्यावरून नाही. पुढच्या तपासणीच्या दिवशी वडिलांची पाळी सकाळची आहे, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे आणि त्याच्या आईबरोबर जाणार आहे.